निसर्ग वादळातलं एक कौलारू घर: श्रीवर्धन तालुक्यातलं प्रकरण

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीप्रमाणे साडेबारा ते अडीचच्या दरम्यान त्याचं केंद्र जमिनीवर आलं. तेव्हा वारा ताशी 100 ते 110 किलोमीटरने वाहत होता आणि झोत 120 पर्यंत जात होते. त्या दिवशी वाहिन्यांचे कॅमेरे मुंबईत होते, कारण धास्ती मुंबईची होती. मुंबई थोडक्यात सुटली. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, अलिबाग आणि खाली मंडणगड-दापोलीपर्यंतचा पट्टा मात्र वादळाने झोडपून काढला.

हे प्रकरण त्या पट्ट्यातल्या एका घराचं आहे. घर माझ्या मामांचं, श्रीवर्धन तालुक्यातलं. गावाचं नाव देत नाही, कारण शेजाऱ्यांचाही उल्लेख येणार आहे. नंतर तिथे राहून, मामा-मामींना पुन्हा पुन्हा विचारून मी हे जुळवलं आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. या घराची तयारी वाऱ्यापुरती बरीच चांगली होती. ती तोकडी पडली वारा थांबल्यानंतर, आणि माझ्या मते त्या महिन्यात अर्ध्या तालुक्याची हीच गत होती.

घर आणि माणसं

चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मधे माजघर, माजघरावर फळ्यांचा माळा, मागे स्वयंपाकघर. अंगाला लागून लाकूडफाटा आणि मोटरसायकल ठेवायला काढलेली पत्र्याची पडवी. मागच्या दाराशी अलीकडे बांधलेलं न्हाणीघर, त्याला स्लॅब. घराभोवती दहा-बारा गुंठ्यांची वाडी: पोफळी, माड, त्यांच्या सावलीत जायफळ आणि मिरी. समुद्र किलोमीटरभर लांब, मधे सुरूचं बन. घराची जमीन खाडीच्या काठापेक्षा बरीच उंच.

घरात मामा, मामी आणि ऐंशी ओलांडलेली आजी. आजीला मधुमेह, रोज इन्सुलिन. आधाराशिवाय तिला चार पावलंही टाकता येत नव्हती. मामेभाऊ टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेला.

इशारा आणि हातातले दोन दिवस

1 जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं आणि 2 जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं. निसर्ग हे नाव बांगलादेशाने दिलेलं. हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळपास, 3 तारखेला दुपारी ते किनारा ओलांडेल असं हवामान विभागाने सांगितलं होतं आणि तसंच झालं. शिवाय नेहमीच्या भरतीवर एक ते दोन मीटर पाणी चढेल असाही इशारा होता. म्हणजे माहिती वेळेवर होती आणि खरी होती. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असं नंतर बरेच जण म्हणाले. सांगितलं होतं. पण ताशी 110 म्हणजे आपल्या छपराचं काय होणार, हे त्या आकड्यावरून कुणाला कळलं नाही.

मामांचं मोजमाप होतं फयान चक्रीवादळ. ते 2009च्या नोव्हेंबरात याच बाजूला, अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान चढलं होतं. समुद्रात गेलेल्या मच्छीमारांचं त्यात फार वाईट झालं, पण मामांच्या वाडीत दोन-चार माड पडण्यापलीकडे काही घडलं नव्हतं. “फयान बघितलंय आपण,” असं ते फोनवर म्हणाले. फयान साधं चक्रीवादळ होतं, निसर्ग तीव्र. या दोन शब्दांतलं अंतर कानाला छोटं वाटतं, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 60 वरून 120 झाला की छपरावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

तरी तयारी झाली आणि ती मनापासून झाली. त्यातली निम्मी तर आधीच झालेली होती, कारण वादळ आलं ते नेमकं आगोटीत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर. तांदूळ, डाळी, आमसुलं, सुकं सोडे-बोंबील, कोरडी लाकडं अशी पावसाळ्याची बेगमी घरात होती. कौलं चाळायला दरवर्षी येणारा माणूस मात्र टाळेबंदीत आला नव्हता, त्यामुळे फुटकी कौलं तशीच राहिली होती.

मंगळवारी पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा माणूस, मिळाला. घराला लागून असलेल्या माडांवरचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या त्याने उतरवल्या. वाऱ्यात सुटलेला नारळ दगडासारखा लागतो, तेव्हा हे काम फार मोलाचं होतं. मामींनी पिंपं, हंडे, कळश्या, अगदी पातेलीसुद्धा पाण्याने भरली. सातबारा, आधार कार्डं, पासबुकं, आजीच्या औषधांच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून पिशव्या लोखंडी पेटीत ठेवल्या. अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या, पाट, घमेली आत आली. समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांना आतून फळ्या ठोकल्या. पडवीच्या पत्र्यावर रेतीची पोती ठेवली. बुधवारी सकाळी मामांनी गुरांची दावी सोडली. बांधलेलं जनावर गोठा कोसळला की जागच्या जागी मरतं, सुटलेलं आपला आडोसा शोधतं.

राहायचं की जायचं

किनाऱ्यालगतच्या वस्त्या प्रशासनाने हलवल्या, तेही करोनाच्या पहिल्या लाटेत, एकेका खोलीत किती माणसं बसवायची याची चिंता करत. मामांचं घर त्या यादीत नव्हतं आणि पाण्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. गावात जायची जागा एकच, शाळा. शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात होते आणि शाळेवर पत्रे होते. आजीला तिथे न्यायचं नाही, हा मामींचा निर्णय मला आजही पटतो.

पण शाळा आणि घर यांखेरीज तिसरी जागा होती. दोन घरं सोडून एका मुंबईकर कुटुंबाचा स्लॅबचा बंगला आहे. तो वर्षातले अकरा महिने बंद असतो आणि त्याची किल्ली मामांच्या ओटीवरच्या खुंटीला टांगलेली असते. मंगळवारी संध्याकाळी हवा शांत होती. आजीला खुर्चीत बसवून तिथे नेणं दहा मिनिटांचं काम होतं. एक फोन केला असता तर मालकांनी नाही म्हटलं नसतं. तरी हे कुणालाही सुचलं नाही, कारण ‘सुरक्षित जागा’ म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे शाळाच आली. कोकणातल्या प्रत्येक गावात असे बंद, पक्के बंगले आहेत. त्यांची यादी ग्रामपंचायतीकडे असावी, मालकांची संमती मे महिन्यातच घेऊन ठेवावी आणि कुणी कुठल्या घरात जायचं हे ठरलेलं असावं. खर्च शून्य आहे.

बुधवार

सकाळपासून पाऊस आणि वारा दोन्ही वाढत गेले. वारा कुठून आला, हा या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळाचं केंद्र नैर्ऋत्येला समुद्रात असताना आपल्याकडे येणारा वारा समुद्रावरून येत नाही, तो आग्नेयेकडून, डोंगराच्या बाजूने येतो. केंद्र सरकत पश्चिमेला आलं की वारा दक्षिणेचा होतो आणि ते उत्तरेला निघून गेलं की नैर्ऋत्य-पश्चिमेचा, म्हणजे खरा खारा वारा. श्रीवर्धनच्या उत्तरेला केंद्र जमिनीवर चढलं, त्यामुळे या घराने अर्ध्याहून अधिक फेरा झेलला. फळ्या ठोकल्या होत्या समुद्राच्या बाजूला. पहिले मोठे झोत आले स्वयंपाकघराच्या बाजूने, जिथे मागचं दार नुसतं कडीवर होतं.

अकराच्या पुढे कधीतरी ते दार कडीसकट उघडलं. वारा घरात शिरला की छपराला दोन्हीकडून मार बसतो. वरून जाणारा वारा कौलं ओढत असतो, आत कोंडलेली हवा ती खालून ढकलते. काही मिनिटांत स्वयंपाकघरावरची कौलं उडाली. मामांनी दाराला पाटा-वरवंटा आणि तांदळाचं पोतं लावून ते कसंबसं बंद केलं. दाब सारखा राहावा म्हणून एखादी खिडकी उघडी ठेवावी, असा सल्ला अजूनही फिरतो. तो साफ चुकीचा आहे. चारही बाजूंची दारं-खिडक्या बंद हव्यात, नुसत्या कडीने नाही तर आडव्या अडसराने.

पत्र्याची पडवी दुपारी गेली. मामींनी सांगितलेलं जसंच्या तसं देते: “पोती पत्र्यावरच होती हो, पत्रा पोत्यांसकट उठला.” हिशेब केला तर यात नवल नाही. ताशी 120 किलोमीटरच्या झोताचा दाब चौरस मीटरला जवळपास 70 किलो भरतो, छपराच्या कडांना त्याहून जास्त. दहा फुटी पत्र्याचं क्षेत्रफळ तीन चौरस मीटरच्या वर असतं. म्हणजे एकेक पत्रा 200 किलोंहून अधिक जोराने वर ओढला जात होता आणि त्याला धरून होते गंजलेले हूक आणि पंचवीस-तीस किलोंची दोन पोती. पत्रा गेला तो एकटा गेला नाही. खालचा एक वासाही उपटून घेऊन गेला.

कौलांचं वागणं वेगळं असतं. चौरस मीटरला पंधराएक कौलं लागतात, त्यांचं वजन पस्तीसच्या आसपास. म्हणजे नुसत्या वजनावर ती टिकायला नकोत. पण कौलांच्या फटींतून हवा आरपार जाते, दाब थोडा उतरतो आणि उडतात ती कडेची, वळचणीची, आढ्यावरच्या कोन्यांलगतची. सांगाडा जागेवर राहतो. त्या दिवशी गावात पत्र्याची अख्खी छपरं शेतात जाऊन पडली, कौलारू घरांचे वासे-रिपा मात्र बऱ्याच ठिकाणी उभ्या होत्या. यावरून कौलं चांगली आणि पत्रे वाईट असा निकाल मी देणार नाही. कौल उडून डोक्यात बसलं तर माणूस जातो. पत्रा नीट नट-बोल्टने, पुरेशा जागी आवळला तर टिकतो. प्रश्न जोडणीचा आहे, आणि पडव्यांच्या जोडण्या कुणी कधी वर चढून बघत नाही.

तिघं माजघरात होती. ती निवड उत्तम होती: चहूबाजूंनी खोल्या, बाहेरची भिंत नाही, डोक्यावर माळ्याच्या फळ्या. माळ्यावर कौलं पडल्याचे आवाज येत होते, खाली एकही आलं नाही. आजीला खाटेवर न ठेवता खाटेखाली गादी घालून झोपवलं होतं आणि मामी तिच्या शेजारी बसून होत्या. दुपारी माळ्यातून पाणी गळायला लागलं तेव्हा तिला उचलून स्लॅबच्या न्हाणीघरात नेलं. मधलं अंतर चार पावलांचं, पण ते उघड्या पडलेल्या स्वयंपाकघरातून. मामा आजही त्या चार पावलांबद्दल बोलायचं टाळतात.

एक गोष्ट या घराच्या वाट्याला आली नाही, पण सांगायला हवी. केंद्र थेट डोक्यावरून गेलं तर मधे वारा एकदम पडतो. ते वादळ संपल्याचं लक्षण नसतं, दुसरी बाजू उलट्या दिशेने येत असते. त्या वेळात छप्पर बघायला बाहेर पडू नये.

संध्याकाळपर्यंत वारा ओसरला. वाडीकडे बघितलं तर पलीकडचा रस्ता दिसत होता. त्या वाडीतून रस्ता कधी दिसलेला नव्हता. पोफळी मधोमध मोडल्या होत्या, माड मुळासकट आडवे होते, जायफळाची दोन जुनी झाडं उपटली होती.

मग लागलेला महिना

वादळाच्या तासांसाठी घरात सगळं होतं. नंतरच्या दिवसांचा विचार फार थोडा झाला होता.

पहिला घाला पाण्यावर आला. विहीर परसात आहे, भरलेली आहे, पण मोटर बसल्यावर रहाट काढून टाकला होता. वीज गेली ती या भागात काही गावांना महिन्याहून अधिक काळ आली नाही. खांब, तारा, रोहित्रं सगळंच पडलं होतं. वीज कर्मचारी दुसऱ्या जिल्ह्यांतून येऊन पावसात राबत होते. भरलेली पिंपं चार-पाच दिवस पुरली. मग दोर आणि बादली. विहिरीत झावळ्या आणि पाला पडून कुजला होता. तो उपसून, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून पाणी वापरात आणावं लागलं.

दुसरं पीठ. गहू होते, चक्की बंद. महिनाभर भातच. मामी म्हणाल्या, “मला चालतो गं, पण आजींच्या साखरेचं काय?” मधुमेही माणसाच्या घरात दळलेलं पीठ आणि भाजणी जास्तीची ठेवायची, हे कुठल्याच सरकारी पत्रकात नसतं. आजीचं इन्सुलिन मामींनी पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून माठाच्या ओल्या रेतीत ठेवलं. वापरात असलेलं इन्सुलिन थंड सावलीत साधारण चार आठवडे टिकतं, त्यामुळे हे निभावलं. दुसरी कुपी आणायला मात्र पडलेल्या झाडांवरून, मिळेल त्या गाडीने तालुक्याला जावं लागलं.

तिसरं, फोन. मनोरे बंद पडले आणि आम्हाला इकडे काही कळेना. जनरेटरवर पैसे घेऊन मोबाइल चार्ज करून देणारे लवकरच उभे राहिले, पण रेंज नसताना चार्ज केलेल्या फोनचा उपयोग विजेरीइतकाच. बातमी अखेर एका टेम्पोवाल्याने माणगावला पोचल्यावर फोन करून दिली. असा एक दूरचा, ठरलेला नंबर कागदावर लिहून चार माणसांकडे ठेवावा. बँकेतही वीज नाही, म्हणून घरात रोकड लागली, आणि ती होती, कारण मामा जुन्या वळणाचे आहेत.

आणि छप्पर. 3 जूनला वादळ आलं आणि 11 जूनला मान्सून दापोलीजवळच्या हर्णैपर्यंत पोचला. छप्पर झाकायला मिळाला आठवडाभर. त्या आठवड्यात सगळ्या तालुक्याला एकाच वेळी ताडपत्री, कौलं, पत्रे आणि सुतार हवे होते. ताडपत्रीचे भाव चढले, मग ताडपत्रीच मिळेना. मामांनी इथे शहाणपणाची गोष्ट केली. सगळं घर अर्धवट झाकण्याऐवजी माजघर आणि एक खोली पूर्ण कोरडी केली. गोठ्यामागे जुन्या कौलांची एक रास वर्षानुवर्षं रचून ठेवलेली होती, ‘काढून टाका ती अडगळ’ असं सगळे म्हणायचे. त्या राशीवर आणि ओटीवरून काढलेल्या कौलांवर माजघर शाकारलं गेलं. ज्यांच्याकडे जुनी कौलं नव्हती त्यांनी पत्रे घातले, अनेकांनी कायमचे. श्रीवर्धनकडच्या गावांचं रूप तेव्हापासून बदललेलं दिसतं.

नुकसानीचा हिशेब

पंचनामे झाले. सरकारने नेहमीचे निकष वाढवले. फळबागांसाठी हेक्टरी 18 हजारांऐवजी 50 हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. वाढ खरी होती, पण हेक्टर हे माप देशावरच्या शेतीचं आहे. दहा गुंठ्यांच्या वाडीला 50 हजारांच्या हिशेबाने हाती येतात पाच हजार, आणि तेवढ्या वाडीत पोफळीच शंभरावर असतात. यावर बागायतदारांनी आवाज उठवल्यावर झाडामागे मदत ठरली: माडाला 250 रुपये, पोफळीला 50. श्रीवर्धनी रोठा सुपारीची पोफळ लावल्यापासून उत्पन्न धरायला पाच-सात वर्षं घेते, माडही तसाच. पन्नास रुपयांत पडलेलं झाड वाडीतून बाहेर काढायची मजुरीसुद्धा सुटत नाही, आणि मोडलेली झाडं हलवल्याशिवाय नवं रोप लागत नाही. मला या प्रकरणात सर्वांत अन्यायाची वाटते ती हीच बाब. घर वर्षात उभं राहिलं. वाडीचं उत्पन्न मात्र ऐन म्हातारपणी तुटलं.

एक व्यवहाराची गोष्ट. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत मामांनी अर्धी वाडी साफ करून टाकली होती आणि फोन बंद असल्याने फोटो नव्हते. बुंधे मोजून काम भागलं. वादळाआधी चार्ज केलेला फोन बंद करून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी पडलेल्या झाडांचे, छपराचे फोटो काढावेत, मग कोयता हातात घ्यावा.

पुढच्या मे महिन्यात

2021च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं. इशारा आल्यावर मामांनी केलेल्या गोष्टी अशा: मागच्या आणि पुढच्या दाराला लाकडी अडसर बसवून घेतलेलेच होते. पडवीचे पत्रे नव्या नट-बोल्टवर होते आणि वळचणीची कौलं तारेने रिपांना बांधलेली होती. विहिरीवर रहाट परत आला होता. मामींनी नाचणी आणि गहू दळून आणले, इन्सुलिनची एक कुपी जास्तीची घेतली, ताडपत्री आधीच पेटीत होती. मुंबईच्या मालकांना फोन झाला आणि आदल्या संध्याकाळी, हवा शांत असतानाच, आजी बंगल्यात गेली. तिच्यासोबत शेजारचं एक बाळंतीण असलेलं कुटुंबही गेलं. केंद्र लांबून गेलं, वारा तरी दिवसभर होता. घराची थोडी कौलं सरकली. वीज पुन्हा गेली, या वेळी थोडक्या दिवसांत आली, आणि तोवर रहाट चालत होता.